केमो, लाइट आणि रोजची गोळी: त्रास कुठला सोसायचा, कुठला लगेच सांगायचा? (सांगली-मिरज-सातारा)

कृष्णाकाठ

आमच्या सासूबाईंना (वय ६१) डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. बायॉप्सी, केमो, ऑपरेशन, लाइट (रेडिएशन) सगळं मिरजेत पार पडलं, आता रोजची गोळी चालू आहे. केमोला सोबत मीच असायचे, त्यामुळे डे केअरमध्ये बसून बऱ्याच जणींशी ओळख झाली. हा धागा काढावासा वाटला तो त्यांच्यामुळे.

आमच्या शेजारच्या खुर्चीत कवठेमहांकाळकडच्या एक मावशी असायच्या. दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल (केमोचं औषध) चालू होतं. सलाईन लागलं की मला सगळं सांगायच्या. बोटं बधिर झालीत, ब्लाऊजचे हूक सून लावून देते, भाकरी उलटताना तव्याचा चटका बसतो तरी कळत नाही. आणि डॉक्टर राउंडला आले की पदर सावरून, "बरं हाय सायेब." एवढंच. शेवटी मला राहवेना. मी डॉक्टरांना मावशींच्या बोटांवरचे चटक्याचे डाग दाखवले. त्यांनी तिथल्या तिथे मावशींना अंगठा एकेका बोटाला टेकवायला लावलं, टेबलावरचं नाणं उचलायला लावलं. नाणं उचलता येईना. त्या दिवशीचा डोस कमी झाला. नंतर मावशी म्हणाल्या, "सांगितलं तर औषध बंद करतील आन् दुखणं उलटंल, म्हणून गप होते गं."

ही भीती मला घरोघरी दिसली. म्हणून जीव तोडून सांगते: डोस कमी करणं, आठवडाभर पुढे ढकलणं, औषध बदलणं हे सगळं डॉक्टरांच्या हिशेबात आधीपासून धरलेलं असतं. त्याने उपचार वाया जात नाही. वाया जातो तो मुकाट्याने सोसून शेवटी अर्धवट सोडलेला.

आता जे समजून घेतलं ते लिहिते. चुकत असेल तर जाणकारांनी सुधारावं.

बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये आधी तीन गोष्टी शोधा: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर गाठ शरीरातल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर पोसली जाते. अशांना बाकीचे उपचार झाल्यावर पाच ते दहा वर्षं गोळी असते. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. तिथे ३+ आलं तर ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन मिळतं, साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ आलं की अधांतरी, मग फिश नावाची आणखी एक तपासणी लागते. ती झाल्याशिवाय हर-टूचा निकाल लागला असं धरू नका. तिन्ही निगेटिव्ह असतील तर ट्रिपल निगेटिव्ह. त्यात हार्मोनची गोळी उपयोगी पडत नाही, भर केमोवर असतो. "तिला ते इंजेक्शन दिलं, आम्हाला का नाही?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच तीन ओळींत असतं.

सासूबाईंना आधी केमो देऊन गाठ लहान केली, मग ऑपरेशन. आधी एसी, म्हणजे ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड, नंतर पॅक्लिटॅक्सेल. ॲड्रियामायसिन हृदयावर ताण आणू शकतं, म्हणून आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो. औषध लालभडक असतं आणि एक-दोन दिवस लघवीलाही तोच रंग येतो. रक्त पडतंय म्हणून घाबरू नका. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. परत येतात, पण आमच्याकडे त्या काळात सासूबाईंनी आरसा उलटा करून ठेवला होता. घरच्यांनी "केसांचं काय एवढं" म्हणू नये. असतं.

त्यांना शुगर आहे. उलटी आणि ॲलर्जी होऊ नये म्हणून केमोआधी डेक्सामेथासोन देतात, ते स्टेरॉइड आहे, शुगर चढते. आमची चांगलीच चढायची. ज्यांच्या घरी डायबेटिस आहे त्यांनी शुगरच्या डॉक्टरांना केमोच्या तारखा आधी कळवाव्यात.

आणि ताप. हे ठळक लिहिते: काखेत थर्मामीटर लावून १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करून निघा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा साधा दिसणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. गोळीने आकडा खाली येतो, आतला जंतुसंसर्ग चालूच राहतो.

डेकेअर_सिस्टर

कृष्णाकाठ, छान लिहिलंत. मी केमो वॉर्डमध्ये काम करते, रोज बघते ते थोडं जोडते.

सलाईन चालू असताना सुईच्या जागी जळजळ, टोचल्यासारखं किंवा सूज वाटली तर त्याच क्षणी हाक मारा. सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे आहे, मोकळी झाली की सांगू, असं करू नका. लाल औषध शिरेबाहेर गेलं तर आतली कातडी-मांस खराब करतं, जखम महिनोन्महिने भरत नाही. म्हणून बऱ्याच ठिकाणी आम्ही पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेत बसवून ठेवायची नळी) सुचवतो. लोक म्हणतात आणखी एक छोटं ऑपरेशन कशाला. ज्यांच्या शिरा सापडत नाहीत त्यांना विचारा, दर वेळी पाच-सहा ठिकाणी टोचून घेणं काय असतं.

पॅक्लिटॅक्सेलच्या पहिल्या-दुसऱ्या डोसला सुरुवातीच्या काही मिनिटांत छाती आवळणं, चेहरा लाल होणं, पाठ दुखणं झालं तर तेही लगेच सांगायचं. आम्ही औषध थांबवतो, इंजेक्शन देतो, बहुतेकींना थोड्या वेळाने सावकाश पुन्हा सुरू करता येतं.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन केमोनंतर निदान २४ तासांनी देतात. त्याने कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं. काहीतरी बिघडलं म्हणून बायका रडत फोन करतात. हाडांतली मज्जा जोरात पेशी बनवायला लागली की हाडं दुखतात. गोळी मिळते, मागा.

उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नाहीत, सांगितलेल्या वेळी घ्यायच्या. ऑन्डॅनसेट्रॉनने पोट घट्ट होतं, तीन दिवस शौचाला नाही झाली तरी कोणी बोलत नाही. लाजू नका. ओलॅन्झापिन नावाची गोळी रात्री देतात. चिठ्ठी वाचून लोक इंटरनेटवर बघतात, "ही तर वेडाची गोळी" म्हणून फेकून देतात. केमोच्या मळमळीवर ती अतिशय चांगली चालते. झोप येते, म्हणून रात्री.

तोंड आलं तर मऊ ब्रश, आणि ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको.

अजिंक्यतारा

मी साताऱ्याचा. आईचं सगळं नीट झालं होतं. ऑपरेशन, लाइट, मग लेट्रोझोल. परवा तिच्या कपाटात गोळ्यांची न उघडलेली पाकिटं सापडली. विचारल्यावर म्हणाली, सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत, गुडघे धरतात, माडीवर चढता येत नाही, म्हणून दिवाळीपासून घेतच नाहीये. दर तपासणीला डॉक्टरांना "गोळी चालू आहे" सांगत होती. मी रागावलो, ती रडली. आता पुढे काय करावं?

डेकेअर_सिस्टर

दादा, आईंना रागवू नका. ही गोळी अशी गुपचूप बंद करणाऱ्या खूप असतात.

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या तिन्ही गोळ्या पाळी गेलेल्या बायकांच्या शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाहीत. ते कमी झालं की सांधे आखडतात, सकाळी जास्त. हाडंही विरळ होतात. दुखणं खरं आहे, वयावर ढकलू नका. पण उपाय आहेत. एक औषध सोसत नाही, दुसरं सोसतं, असं पुष्कळदा होतं. डॉक्टर थोडे आठवडे सुट्टी देऊन दुसरी गोळी सुरू करतात, किंवा टॅमॉक्सिफेन या वेगळ्या प्रकारच्या हार्मोनच्या गोळीवर नेतात. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दुखण्यासाठी ड्युलोक्सेटिन देतात. आणि चालणं: दुखतंय म्हणून बसून राहिलं की आणखी आखडतं, नियमित व्यायामाने या गोळीची सांधेदुखी कमी होते हे अभ्यासांतही दिसलंय. हाडं किती विरळ झालीत ते मोजणारा डेक्सा स्कॅन झालाय का बघा.

आईंसोबत जा, आणि डॉक्टरांना खरं सांगा. किती महिने गोळी घेतली नाही ते कळल्याशिवाय पुढचा निर्णय नीट होणार नाही.

हळदबाजार

माझा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार आहे, वडिलांपासूनचा. बहिणीला हा आजार झाला तेव्हापासून मलाच लोक विचारतात, "शेठ, हळदीने कॅन्सर बरा होतो म्हणे, कुठली देऊ?" सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, आम्हाला तिचा अभिमान आहे. पण माझ्या दुकानातून मी कुणालाही कॅन्सरचं औषध म्हणून हळद विकत नाही.

बहिणीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. आमटीत, भाजीत, दुधात चिमूटभर हळद आपण खातो ती खुशाल खा. हळदीतल्या कर्क्युमिनचा परिणाम प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यातल्या पेशींवर दिसतो, पण पोटातून ते रक्तात फार थोडं उतरतं आणि माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. खरी काळजी अर्काच्या कॅप्सूलची, कारण त्यात डोस मोठा असतो, मिरीचा अर्क घालून तो रक्तात जास्त उतरवलेला असतो. काही लोकांच्या यकृताला त्याने इजा झाली आहे, रक्त पातळ होऊ शकतं आणि केमोच्या औषधांशी भांडण होऊ शकतं. केमोत यकृताचे आकडे बिघडले तर दोष कुणाचा तेच कळत नाही आणि केमोची पुढची फेरी अडकते.

कुठलाही काढा, चूर्ण, कॅप्सूल घेत असाल तर डबा घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ओरडतील या भीतीने लपवू नका.

तासगावकर

नमस्कार मंडळी. बायकोचं ऑपरेशन झालंय, पूर्ण स्तन काढला, काखेतल्या गाठी पण काढल्या. जखमेतलं पाणी काढायची नळी निघाली. आता हात वर जात नाही. आमची द्राक्षबाग आहे, विरळणीला ती स्वतः असायची, हात डोक्याच्या वर धरूनच काम. शेजारी म्हणतात त्या हातानं आता आयुष्यभर तांब्या पण उचलायचा न्हाई, सुजतो. ती उजवा हात पोटाशी धरून बसून असते. दुसरं म्हणजे द्राक्षं खायला द्यायची का? घरात पेट्या भरल्यात आणि तिला खावीशी वाटतात, केमो अजून बाकी आहे.

कृष्णाकाठ

तासगावकर दादा, हात पोटाशी धरून ठेवला की खांदा आखडतो, मग लाइटच्या वेळी हात डोक्यावर ठेवायला येत नाही आणि तिथे अडतं. वहिनींना आजच फिजिओथेरपिस्टकडे न्या. आम्हाला भिंतीवर बोटांनी चढायचा व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं एकेक करून वर सरकवायची, जिथे ताण येईल तिथे थांबायचं, पेन्सिलने खूण करायची. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारामागे करायच्या, खुणा अजून आहेत तिथे.

द्राक्षाच्या घडात फवारणीचं आणि मातीचं काय काय अडकतं ते तुम्हाला मी काय सांगणार. आम्हाला सांगितलं होतं: पेशी कमी असताना सोलून खाता येणारी फळं बरी, केळी, संत्री, पपई. बाकीची फळं मणी सुटे करून वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन, आणि काउंट (रक्तातल्या पेशींचा आकडा) फारच कमी असेल तेव्हा डॉक्टरांना विचारून. कच्ची मोड आलेली मटकी, रस्त्यावरचा उसाचा रस, कच्चं दूध, अर्धकच्चं अंडं नको. मटकीची उसळ शिजवून मात्र जरूर द्या, उकडलेली अंडी, वरण, ताजं घरचं दही. प्रथिनं लागतात. नुसती पेज आणि नारळपाणी देऊन माणूस खंगतं.

ऋतुगंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत. वरच्या प्रश्नाचं सविस्तर लिहिते, कारण "तांब्याही उचलू नको" या सल्ल्याने मी हात निकामी झालेले पाहिलेत.

काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या की हातातला लसीका-द्रव (लिम्फ) वाहून न्यायच्या वाटा कमी होतात. त्यावर काखेत लाइटही घेतली असेल तर सुजेचा धोका वाढतो. सूज ऑपरेशननंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही येऊ शकते. म्हणून आधी हात आखडू न देणं, मग हळूहळू ताकद वाढवणं. २००९ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या हाताला आधीच सूज होती त्यांना देखरेखीखाली थोडं थोडं वजन वाढवत व्यायाम दिला, तर सूज वाढली नाही, उलट तिच्या कुरबुरी कमी झाल्या. पण एकदम भरलेली घागर किंवा द्राक्षाची पेटी उचलू नका. आधी मोकळा हात, मग अर्ध्या किलोची डाळीची पिशवी, मग पुढे.

जपायचं ते कातडीला. शेतात काम करताना हातमोजे, काटा-खिळा लागला तर लगेच साबणाने धुऊन मलम. नखं कापताना बाजूची कातडी ओरबाडू नका. हात अचानक लाल, गरम झाला आणि अंगात कणकण आली तर तो संसर्ग आहे. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. तेल चोळत बसू नका, शेक देऊ नका.

अंगठी, घड्याळ, बांगडी घट्ट वाटायला लागणं ही सुजेची पहिली खूण. दोन्ही हात मनगट, कोपराखाली, कोपराच्या वर असे टेपने मोजून महिन्यातून एकदा लिहून ठेवा. फरक पडतोय असं वाटलं तर लगेच या. सुरुवातीची सूज पट्टी, मसाज आणि प्रेशरच्या बाहीने बरीच आटोक्यात येते, जुनी झाली की हात कडक होतो आणि मग फार झगडावं लागतं.

तासगावकर

ताई, बांगडीचं बरं झालं विचारायच्या आधी सांगितलंत. तिनं त्या हातातला हिरवा चुडा काढून टाकलाय, कुणी तरी सांगितलं म्हणून, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त लागलंय. सैल भरल्या तर चालतील का?

ऋतुगंध

मनगटावर सहज फिरतील अशा सैल चालतील. काच फुटून ओरखडा नको म्हणून शेतात जाताना काढा, घरी घाला. वहिनींना सांगा, मी सांगितलंय म्हणून.

वाईकरीण

लाइटबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी लाइट कराडला झाली, वाईहून रोज जाऊन-येऊन.

पूर्वी पाच-सहा आठवडे चालायची, आता बहुतेकींना तीन आठवड्यांत १५-१६ वेळा असते. ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासानंतर (निकाल २०२० चा) काहींना पाच वेळातच एका आठवड्यात देतात. कुणाला किती हे डॉक्टर ठरवतात. रोजचं काम काही मिनिटांचं, दुखत नाही. डाव्या बाजूला असेल तर श्वास भरून धरायला शिकवतात, त्याने छाती फुगते आणि हृदय मारापासून लांब राहतं. मी घरी सराव करायचे.

कातडी लाल, मग काळपट होते, स्तनाखालच्या घडीत आणि काखेत सोलवटते. शेवटच्या आठवड्यात आणि संपल्यावर आठ-दहा दिवस जास्त. सुती सैल ब्लाऊज, आतलं घट्ट काही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, टिपून पुसायचं. अंगावर काढलेल्या खुणा चोळून घालवायच्या नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावायचं. मला एकीने हळद-चंदनाचा लेप सांगितला होता, ओल्या सोलवटलेल्या जागेवर असलं काही लावू नका. आणि थकवा येतो. भाजी निवडायला बसलं तरी पाठ टेकावीशी वाटते. घरच्यांना वाटतं बसून तर जाते गाडीत, थकायला काय झालं.

आणखी एक. आपल्याकडे "सगळंच काढून टाका, कटकट नको" असं नातेवाईकच ठरवून मोकळे होतात. स्तन राखून फक्त गाठ काढणं आणि नंतर लाइट घेणं, किंवा पूर्ण स्तन काढणं, यात जगण्याच्या दृष्टीने फरक नाही. मिलानच्या आणि अमेरिकेतल्या अभ्यासांचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्येच आले आहेत. सगळ्यांना राखता येतोच असं नाही. गाठी अनेक ठिकाणी असतील, लाइट घेता येणार नसेल तर काढावा लागतो. पण सर्जनला विचारा तरी. आणि पूर्ण काढला म्हणजे लाइट टळलीच असंही नसतं, काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलेला असेल तर बहुधा घ्यावीच लागते.

पारिजात

मी स्वतः पेशंट, वय ३६, ट्रीटमेंट चालू. आतापर्यंत सगळं आई-सासूबाईंच्या वयाचं वाचलं, म्हणून लहान वयाचं लिहिते. इतर कुठे बोलायला जागा नाही.

मूल हवं असेल तर केमो सुरू व्हायच्या आधी विचारा. केमोने बीजांड कमी होतात, पाळी कायमची जाऊ शकते. आधी वेळ असेल तर बीजांड किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात. बीजकोशांना विश्रांती देणारं महिन्याचं इंजेक्शन केमोसोबत देतात. मला हे कुणी आपणहून सांगितलं नाही, मीच विचारलं तेव्हा विषय निघाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीड ते अडीच वर्षं हार्मोनची गोळी घेतल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती थांबवून गरोदर राहिलेल्यांमध्ये निदान पहिल्या काही वर्षांत आजार उलटायचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. पण टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहता कामा नये, बाळाला धोका असतो. पाळी थांबलीये म्हणून निर्धास्त राहू नका. गर्भनिरोधकाच्या हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, कॉपर टी किंवा निरोध.

टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते. त्यावर औषध आहे. मात्र उदास वाटतं म्हणून कुणी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून दिलं तर आपण टॅमॉक्सिफेन घेतोय हे सांगा, त्या गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. व्हेनलाफॅक्सिनसारखा पर्याय असतो. एका पायाची पोटरी सुजून दुखली, धाप लागली तर लगेच दवाखाना, रक्ताची गुठळी असू शकते. पाळी गेलेल्यांना अंगावरून थोडं जरी लाल गेलं तरी दाखवा.

योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, हे मी माझ्या डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून दिलं. तोंडाने जमलं नाही. त्यांनी वाचलं, हार्मोन नसलेलं जेल लिहून दिलं, नवऱ्याला आत बोलावून दोन मिनिटं बोलल्या. त्या दोन मिनिटांनी आमच्या घरातलं कितीतरी सैल झालं. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी चिठ्ठी द्या.

मिरज_जंक्शन

पैशांचं आणि प्रवासाचं लिहितो, वहिनीच्या वेळी सगळं मी पळालोय.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, त्यात केमो, ऑपरेशन, लाइट आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसतो. रेशन कार्ड, आधार आणि बायॉप्सी रिपोर्ट घेऊन आधी त्याच्याकडे जा. मंजुरी उपचाराआधी लागते, आधी पैसे भरून मग मागायला गेलं की अवघड. कुठल्या रुग्णालयात नेमकं कुठलं औषध मंजूर आहे तेही त्यालाच विचारा. ट्रास्टुझुमॅब महाग म्हणून घाबरू नका. भारतीय कंपन्यांची बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच बनवलेली औषधं) २०१४ पासून मिळतात, ती मूळ औषधापेक्षा स्वस्त आहेत आणि मान्यता असलेली आहेत. त्याच्यासोबत दर तीन महिन्यांनी इको चुकवू नका.

परळला टाटा मेमोरियलला दुसरं मत घ्यायला जाणार असाल तर नुसते रिपोर्ट नेऊ नका. बायॉप्सीचा मेणाचा ब्लॉक (त्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो) आणि काचेच्या स्लाइड्स इथल्या लॅबकडून मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. ते तिथे पुन्हा तपासतात आणि ब्लॉक नसला की माघारी यावं लागतं. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची सोयीची, मिरज, सांगली, कराड, सातारा सगळीकडे थांबते. उपचारासाठी जाताना रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात सही-शिक्का दिलेलं पत्र लागतं. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

बाकी सगळ्या केमो मुंबईतच घ्यायला हव्यात असं नाही. तिथे आखणी करून घेऊन इथे मिरजेत, कराडला घेणारे खूप आहेत. केमोनंतर ताप आला की घर जवळ पाहिजे.

माणदेशी

मी स्टेज फोर. हाडांत पसरलाय. सगळे "बरं होण्याचं" बोलतात म्हणून आतापर्यंत गप्प वाचत होते. माझा उपचार संपणारा नाही, चालू राहणारा आहे, आणि मी तीन वर्षं आटपाडीत घर, शेळ्या, मुलीची दहावी सगळं बघतेय.

लेट्रोझोल रोज, आणि सोबत पाल्बोसिक्लिब. पाल्बोसिक्लिबची २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी, पुढच्या फेरीआधी काउंट. पेशी कमी आल्या की सुट्टी लांबते. पहिल्यांदा मला वाटलं आता संपलं, पण तसं नसतं, डोस कमी करूनही औषध काम करतंय. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड. ते सुरू व्हायच्या आधी दात तपासून घ्या, किडलेला असेल तर आधी काढून टाका. नंतर दात उपटला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. दाताच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे हे प्रत्येक वेळी सांगायचं.

माझ्यासारख्या ज्या असतील त्यांनी एवढं लक्षात ठेवा: पाठीत नवीन जोराची कळ, पायात बळ कमी वाटणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी जायचं. मणक्यावर दाब आला असेल तर तासांना किंमत असते, पाय कायमचे जाऊ शकतात. आणि दुखण्याच्या गोळीला घाबरू नका. मला मॉर्फिन सुरू केलं तेव्हा भावाने "सवय लागेल" म्हणून भांडण काढलं. डॉक्टरांनी समजावलं, दुखणाऱ्याला नीट मोजून दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. त्याच्यासोबत पोट साफ व्हायचं औषध मात्र रोज. त्या गोळीमुळे मी रात्री झोपते आणि सकाळी धारा काढायला उठते.

कृष्णाकाठ

माणदेशी ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोठं आहे. धागा काढताना तुमच्या बाजूचं मला काहीच माहीत नव्हतं.

सगळ्यांना एक सुचवते. आम्ही साधी शाळेची वही केली होती. तारीख, सकाळ-संध्याकाळ ताप, शुगर, जेवण किती, शौच, आणि "आज काय करता आलं नाही." हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. "दुखतंय का?" विचारलं की सासूबाई नाही म्हणायच्या. "आज काय जमलं नाही?" विचारलं की सांगायच्या, पिठाचा डबा उघडता आला नाही, देवपूजेला खाली बसता आलं नाही. डॉक्टर आधी वही मागायचे, मग नाडी बघायचे.

अजिंक्यतारा

कळवतो. आईला घेऊन गेलो होतो. तिने स्वतःच सांगितलं, दिवाळीपासून बंद आहे. डॉक्टर ओरडले नाहीत. रक्त, ड जीवनसत्त्व, डेक्सा लिहून दिलंय. सध्या फिजिओकडे चालण्या-ताणण्याचे व्यायाम आणि रिपोर्ट आले की दुसरी गोळी सुरू करायचं म्हणालेत. ती विचारतेय, घरातली उरलेली लेट्रोझोलची पाकिटं टाकून द्यायची का?

डेकेअर_सिस्टर

टाकू नका अजून. पुढच्या भेटीला सगळी पाकिटं तशीच घेऊन जा, किती गोळ्या घेतल्या गेल्या ते मोजता येईल. नवीन गोळी सुरू झाली की जुनी वेगळी ठेवा, दोन्ही चुकून एकत्र नकोत. आणि नवीन गोळीवर सहा आठवड्यांनी हात कसे आहेत ते आईंनाच इथे लिहायला सांगा.